हलकी रायफल आणि पहिल्या साठ गोळ्या

हळद_सांगली

गेल्या शनिवारी तब्बल २७ वर्षांनी रायफलीला गाल लावला. याआधी लावला होता तेव्हा अंगात एनसीसीची खाकी, पोटाखाली सतरंजी आणि मागे "शिस्त लो (नेम धर), साँस रोको" म्हणून खेकसणारे उस्ताद होते. या वेळी अंगात लेकीचा जुना टीशर्ट, समोर अॅरिझोनाचा उघडाबोडका डोंगर आणि मागे खुर्चीत दिवाळीसाठी आलेले सासरे.

रायफल आहे रुगर १०/२२ टेकडाउन. दहा गोळ्यांचं मॅगझीन आणि .२२ बोअर (नळीच्या भोकाची रुंदी, इंचांत), म्हणून १०/२२. मूळ रायफल १९६४ सालची. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी मिक्सर असायचा तशी इथल्या गावाकडच्या घरांतून ती असते. मधोमध दोन तुकडे होणारी आवृत्ती २०१२ मध्ये आली, मी घेतली ती ही. वजन ४.६७ पौंड, म्हणजे एकवीसशे ग्रॅमच्या आसपास. दुकानदारानं काउंटरवरून हातात दिली तेव्हा मनात आलं, बाकीची कुठाय?

कॉलेजात आम्हाला .२२ डीलक्स होती. बोल्टवाली (बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा), सहा पौंडांच्या वर, लाकडी दस्त्याला वर्षानुवर्षांच्या तेलाचा वास. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचला, ओढा, ढकला, पाडा. त्या खटाटोपात श्वास आपोआप जागेवर यायचा. हिच्यात तो खटाटोप नाही, कारण ही सेमी ऑटोमॅटिक. शब्द ऐकून आमच्या मोठ्या जाऊबाईंना वाटलं, चाप दाबून धरला की लवंगी माळ. तसं नसतं. चाप एकदा ओढला की गोळी एकच. पुढची गोळी नळीत आणायचं काम तेवढं रायफल करते. गोळी ज्या दाबानं पुढे जाते त्याच दाबानं रिकामं खोकं (काडतुसाचं कवच) मागे रेटलं जातं, ते बोल्टला ढकलतं, खोकं उजवीकडे उडतं, स्प्रिंग बोल्टला परत पुढे लोटते आणि येताना तो मॅगझीनमधली नवी गोळी घेऊन येतो. हिच्यात तर गॅसची वेगळी नळीही नाही. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग, एवढ्यावर सगळा कारभार.

फीनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी म्हणून मोठी सरकारी रेंज आहे, तिथे गेलो. बाबा (सासरे) एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. एनसीसीत फायरिंग संपल्यावर खोकी मोजून परत द्यावी लागायची आणि एकदा एक कमी भरलं म्हणून आम्ही बावीस जणी अंधार पडेपर्यंत गवत विंचरत होतो, हा किस्सा मी गाडीत सांगितला. तो त्यांना फारच पटला. "हिशेब जुळल्याशिवाय डेपो सोडायचा नाही," म्हणाले आणि खिशातली पेन्सिल काढून बसले. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यामुळे रायफलीला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. मी बाकाच्या उजवीकडे जुनी चादर अंथरली, खोकी त्यावर पडणार, बाबा मागून मोजणार.

पहिल्या दहा गोळ्या पंचवीस यार्डांवर, बाकावर बसून, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून. धक्का म्हणाल तर शेजारणीनं एका बोटानं दार वाजवावं तेवढा. कागद पाहिला तर आमटीच्या वाटीच्या तोंडात मावतील अशी दहा भोकं. मी खूश. नवऱ्याला फोटो पाठवला.

मग उभी राहिले. कागद पन्नास यार्डांवर. आणि इथे त्या एकवीसशे ग्रॅमनी मला जागा दाखवली. माशी म्हणून नळीच्या टोकावर नेम धरायचा जो खुंट असतो ना, तो खरंच माशीसारखा वागायला लागला. उजवीकडे बसली म्हणावं तर डावीकडे. श्वास रोखला तर छातीतला ठोका नळीच्या टोकावर दिसायला लागला. ती स्थिर होईना म्हणून मी घाईनं चाप खेचला आणि खेचला की नळी आणखी हलली. दहांपैकी सात परातभर पांगल्या. तीन कागदाला शिवल्यासुद्धा नाहीत. बाबा मागून, "सूनबाई, तीन प्रवासी विनातिकीट."

घरी आल्यावर विमानाच्या बॅगा मोजायचा काटा काढला आणि रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून चापाला अडकवून ओढला. अडीच किलोच्या आसपास भरला. म्हणजे रायफलीच्या वजनापेक्षा चाप ओढायला जास्त जोर! जड रायफलीवर हे जाणवलंही नसतं.

दोन फजित्याही सांगून टाकते. एक: सेलमध्ये मिळाली म्हणून मी गोळ्यांची स्वस्तातली पेटी उचलली होती. तिसऱ्या मॅगझीनला एक खोकं पूर्ण बाहेर न पडता झडपेत उभं अडकलं, बंबाच्या धुराड्यासारखं. नळी समोर धरूनच ठेवली, मॅगझीन काढलं, बोल्ट ओढून ते पाडलं. दुसऱ्या पेटीतल्या गोळ्यांनी पुन्हा तसं केलं नाही. दोन: शेवटची गोळी सुटल्यावर हिचा बोल्ट आपणहून उघडा राहत नाही. त्यामुळे दहा झाल्या हे मोजायला विसरलात की अकराव्यांदा फक्त "टक". पहिल्यांदा तो "टक" ऐकून मला वाटलं गोळी फुटायची राहिली. नियमाप्रमाणे मनात तीस आकडे मोजत, नळी समोर धरून, पुतळ्यासारखी उभी राहिले. मागून आवाज, "अगं, दहा झाल्या."

आणि शेजारच्या बाकावरच्या आजोबांच्या रायफलीचं एक गरमागरम खोकं उडून थेट माझ्या गळ्यातून आत गेलं. तव्याला बोट लागतं तसं. अशा वेळी अंग गर्रकन फिरतं, आणि हातात रायफल असेल तर ती अंगाबरोबर फिरते. उस्तादांचा आवाज २७ वर्षांनी कानात वाजला. आधी रायफल बाकावर, मग नाच. गळ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा डाग पडलाय.

एकूण साठ गोळ्या. चादरीवरची खोकी मी गोळा केली, बाबांच्या कागदावर पाच-पाचच्या बारा जुड्या. खोकी भरली एकोणसाठ. अजून चुटपुट लागून राहिलीय.

मिरचीठेचा

मी पहिली! तीन प्रवासी विनातिकीट 😂 बाबांना स्वतंत्र आयडी काढून द्या ताई.

निवृत्त_हवालदार

ताई, खोकं गळ्यात गेल्यावर रायफल आधी ठेवलीत, इथे तुम्हाला पूर्ण मार्क. आमच्या वेळी एका जवानानं उलटं केलं होतं. पुढचा आठवडा त्यानं काय काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वजनाबद्दल. मी भरती झालो तेव्हा ७.६२ ची (मिलिमीटर बोअर) एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल होती. तीही तुमच्यासारखी सेमी ऑटोमॅटिकच, मॅगझीन वीस गोळ्यांचं, वजन साडेचार किलोच्या घरात. पहिल्या फायरिंगनंतर खांदा निळा. लांब मार्चमध्ये तिला शिव्या घातल्या नाहीत असा माणूस मला भेटलेला नाही. पण लेटून, पट्टा दंडाला गुंडाळून धरली की जमिनीत रोवलेल्या खांबासारखी बसायची. नंतर ५.५६ ची इन्सास आली. तिचं वजनही चार किलोच्या वरच, पण धक्का इतका कमी की जुने लोक "खेळणं" म्हणायचे. मग त्याच खेळण्यानं त्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे पुंजके, लहान झाले तेव्हा गप्प बसले. सांगायचा मुद्दा, धक्का कमी असणं वेगळं आणि वजन कमी असणं वेगळं. तुमच्या रायफलीत दोन्ही कमी आहे. पहिल्याचा फायदा तुम्ही बाकावर घेतलात, दुसऱ्याचा तोटा उभं राहून.

पट्टा लावा. डावा दंड पट्ट्यात अडकवा, कोपर बरगडीला. पुढच्या वेळी कळवा.

दुधीभोपळा

लेख खुसखुशीत आहे, पण मला हसू आलं नाही. दर काही महिन्यांनी तिकडच्या शाळेतल्या गोळीबाराची बातमी येते आणि आपण इथे सेमी ऑटोमॅटिक रायफल किती हलकी याचं कौतुक करतोय. छंदच हवा तर बॅडमिंटन आहे.

हळद_सांगली

@दुधीभोपळा, बोललात ते बरं केलंत, हा प्रश्न आमच्याच घरात आधी झालाय. माझी लेक बालवाडीपासून शाळेत लॉकडाऊनचा (गोळीबार झाला तर लपायचा) सराव करत मोठी झाली. दिवे बंद, टेबलाखाली, तोंडातून आवाज नाही. पहिल्यांदा घरी येऊन तिनं तो खेळ म्हणून करून दाखवला होता तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं. रायफल घ्यायचं ठरलं तेव्हा तिचं म्हणणं होतं की घरात नको. शेवटी तडजोड अशी की रायफलीचे दोन तुकडे दोन वेगळ्या कपाटांत, दोन्हींना कुलूप, गोळ्या तिसरीकडे आणि एक किल्ली तिच्याकडे. म्हणजे तिला विचारल्याशिवाय मी रेंजवर जाऊ शकत नाही. तिचं मत बदललेलं नाही. तुमचंही बदलावं असा माझा आग्रह नाही. बॅडमिंटन गुडघ्यांनी बंद केलं.

तळकोकणी

हलकी, जड, सेमी... आमच्या घरी आजोबांची ठासणीची होती. नळी माणसाच्या छातीएवढी उंच. दारू मोजून ओता, चिंधी कोंबा, गजानं ठासा, छर्रे टाका, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासा, टोपी बसवा. एवढं होईपर्यंत डुकरं अख्खा वरकस नांगरून दुसऱ्याच्या शेतात गेलेली असायची. आजोबा म्हणायचे, बार डुकराला लागण्यासाठी नसतोच, ऐकू जाण्यासाठी असतो. शेतराखणीचा परवाना होता. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. आजोबा तिला धुऊन पुसून, गोणपाटात गुंडाळून, खांद्यावर टाकून पायी न्यायचे. माहेरवाशीण सासरी सोडायला निघाल्यासारखे. निकालानंतर परत आणायला जाताना चेहरा वेगळा.

ताईंच्या त्या "टक"वरून आठवलं. पावसात दारू सर्दावली की आमच्याकडेही तेच व्हायचं. टोपी फुटायची, बार नाही. आणि मग सगळे आजोबांपासून लांब पळायचे, कारण तो बार कधी उडेल याचा भरवसा नाही. फुसका बार म्हणतात तो असा भीतिदायक असतो हे शहरातल्यांना माहीत नसतं.

सायलेंटमोड

मी टेक्सासमध्ये एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. ऑफिसातले लोक शुक्रवारी रेंजवर जातात, तिथे रायफल भाड्यानं मिळते. विकत घेत नाहीये, नुसती मारून बघायला काय हरकत?

वकिली_चष्मा

@सायलेंटमोड, हरकत आहे. थांबा. नॉनइमिग्रंट, म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या, व्हिसावर असलेल्या माणसानं बंदूक किंवा गोळ्या बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे आणि "बाळगणं" यात रेंजवर भाड्यानं घेतलेली, दहा मिनिटं हातात असलेलीही येते. नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे तिथल्या एखाद्या राज्यानं दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो आधी खिशात हवा. ग्रीनकार्ड मिळाल्यावर ही अडचण राहत नाही. मित्र म्हणतील "कोण बघतंय". मित्रांचा व्हिसा पणाला लागलेला नसतो.

भारतातल्या वाचकांनी विचारायच्या आत: आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांनुसार असली सेमी ऑटोमॅटिक रायफल सामान्य माणसाला साध्या परवान्यावर मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तळकोकणींच्या ठासणीचा हिशेबही त्यातच.

हळद_सांगली

शिकारीच्या परवान्याचं मी बाबांना सुचवलं होतं. बाबा माळकरी आहेत. कानावर हात ठेवून "पांडुरंग पांडुरंग" म्हणाले. हरणाला हात लावायचा नाही, नुसता कागद जवळ ठेवायचा, असं समजावलं तर म्हणे, "आणि वर गेल्यावर कागद दाखवायला लागला तर?"

चष्मिष

ताईंची माशी का उडत होती याचं उत्तर आपल्या कोल्हापूरच्या पोरांकडे आहे. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, लेटून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये (लेटून) जगज्जेती झाली. दोघांच्या रायफलीत गोळी कुठली? .२२ लाँग रायफल. ताईंच्या मॅगझीनमधल्या गोळीचीच थोरली बहीण, फार तर जास्त काळजीनं बनवलेली. पण रायफल? थ्री पोझिशनला नियमानुसार आठ किलोपर्यंत चालते. ताईंच्या रायफलीच्या जवळजवळ चौपट. आणि पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं.

हात प्रत्येकाचा थरथरतो. ती थरथर जड वस्तूला हळू हलवते, हलकीला चटकन हलवते. भरलेली कळशी आणि रिकामा तांब्या डोक्यावर घेऊन चालून बघा. शिवाय ऑलिम्पिकवाल्यांचा चाप फुंकरीनं पडावा इतका हलका असतो. म्हणजे त्यांच्याकडे जड रायफल, हलका चाप. ताईंकडे हलकी रायफल, जड चाप. आणि वर तुलना करून वाईट वाटून घेताय!

घाटमाथा

मग हलकी रायफल बनवायचीच कशाला? कारण सैनिक दिवसभर नेम धरत नाही, दिवसभर चालतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत फेअरचाइल्ड या विमान कंपनीनं आर्मालाइट नावाचा छोटा विभाग काढला. विमानवाल्यांना अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकची सवय, बंदूकवाल्यांना पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाची. युजीन स्टोनरनं विमानवाल्यांचं सामान रायफलीत आणलं. त्यातून एआर-१५ आली, तिचे हक्क १९५९ मध्ये कोल्टनं घेतले आणि पुढे तीच व्हिएतनाममध्ये एम-१६ म्हणून गेली. आधीच्या एम-१४ पेक्षा किलोभरानं हलकी. एआर म्हणजे आर्मालाइट, बातम्यांतून लोक "असॉल्ट रायफल" समजतात ते चूक.

एक शंका: टेकडाउनचे तुकडे काढून जोडले की नेम बिघडत नाही का?

हळद_सांगली

@घाटमाथा, मलाही तीच धास्ती होती. पण मागची खाच आणि पुढची माशी, दोन्ही नळीवरच आहेत. नळी काढली तरी ती दोघं एकमेकींना सोडत नाहीत. दुर्बीण लावायची तर ती मागच्या भागावर बसते, मग जोडताना सांधा किती घट्ट बसला यावर गणित. मी दुर्बीण लावलेली नाही. चाळिशीचा चष्मा आहे, त्यातून खाच धूसर, माशी स्पष्ट. म्हणजे जे दिसायला हवं ते दिसतं.

जोडणं सोपं आहे. बोल्ट मागे अडकवायचा, आत बोट घालून रिकामी असल्याचं पाहायचं, नळी आडवी घालून पिळायची, खट. बरणीचं झाकण लावण्यापेक्षा अवघड नाही. बोल्ट अडकवायची ती छोटी पट्टी मात्र मला पहिले चार दिवस काही केल्या उमगली नव्हती. तिसरा हात लागेल असं वाटायचं.

वरणगावकर

आमच्या गावच्या आयुध निर्माणीत गोळ्याच बनतात, लहानपणापासून सायरनवर घड्याळ लावलंय. त्यामुळे एक भर. ताईंच्या .२२ च्या खोक्याचा बूड पाहिलात तर मध्यभागी टिकली दिसणार नाही. स्फोटक कडेच्या काठात भरलेलं असतं आणि टोला काठावर बसतो. सैन्याच्या ५.५६ किंवा ७.६२ ला मधे टिकली असते. काठाला मसाला सगळीकडे सारखा पोचला नाही की एखादी गोळी फुटत नाही. म्हणून .२२ मध्ये "टक" जास्त ऐकू येतो. तीस आकडे मोजलेत ते योग्यच, रायफल रिकामी होती म्हणून काय झालं.

आणि घरी येऊन हात धुतलेत ना? शिसं असतं. गार पाण्यानं, साबण लावून, चिवड्याला हात घालायच्या आधी.

मिरचीठेचा

अवांतर: चिवड्यावर धागा कोण काढतंय?

हळद_सांगली

दुसरा शनिवार. हवालदारसाहेब, पट्टा लावला. डावा दंड अडकवला, कोपर बरगडीला, पाय थोडे फाकून. आणि एक गोष्ट स्वतःची स्वतः केली: प्रत्येक गोळीनंतर रायफल खांद्यावरून खाली. दुसरी गोळी नळीत आयती तयार असते ना, तोच सापळा होता. बोल्टवाली असताना हात कामात असायचे म्हणून थांबणं व्हायचं, इथे बोट आपोआप पुढची ओढायला जातं. मनातल्या मनात बोल्ट उचलला, ओढला, ढकलला, पाडला आणि मग चाप.

पन्नास यार्ड, उभं राहून, दहांपैकी दहा कागदावर. जेवणाच्या ताटाएवढ्या पसरल्यात, त्यात मधे दोन एकमेकींना चिकटून. त्या दोन योगायोगाच्या आहेत हे मला माहीत आहे, पण कागद फ्रिजवर लावलाय. लेकीनं पाहिला, काही बोलली नाही, चुंबक मात्र सरळ केलं.

बाबांचा हिशेब या वेळी जुळला. चाळीसला चाळीस. मंगळवारी ते परत निघताहेत.

निवृत्त_हवालदार

दहाला दहा, शाब्बास. आता एक गंभीर. बाबांच्या बॅगा तुम्ही स्वतः तपासा. खिसे, चपला, डबे, सगळं. आठवण म्हणून लोक खोकी, गोळ्या घेऊन येतात. विमानतळावर जिवंत काडतूस सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा, आणि नुसतं रिकामं खोकं सापडलं तरी चौकशीत विमान निघून जातं. वय, माळ, एसटीची पेन्शन, काही बघत नाहीत.

हळद_सांगली

साहेब, तुमच्या प्रतिसादावर हसले होते. तरी काल रात्री बॅगा उघडल्या. कपडे, बदाम, नातवंडांची चॉकलेटं, तीन फ्लॅशलाइट. काही नाही. मग बाबा म्हणाले, माझा चष्मा दे गं वाचायचा. डबी उघडली. चष्म्याखाली, पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं, साठावं खोकं.

मी नुसती बघत राहिले. बाबा म्हणाले, "डेपोत दाखवायला."